रक्त पातळ करायच्या औषधांनी कॅन्सरची गाठ वाढते का? उंदरांवरचे प्रयोग काय म्हणतात

सातरस्ता (धागाकर्ता)

मंडळी, जरा तातडीचं आहे म्हणून नवीन धागा काढतोय, आधी असा असेल तर लिंक द्या आणि हा उडवा. आमच्या आत्याला स्तनाचा कॅन्सर आहे, केमो बार्शीला चालू आहे. मध्येच तिचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला, डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केली तर शिरेत गुठळी निघाली. डॉक्टरांनी रोज पोटावर घ्यायची इंजेक्शनं लिहून दिली, आत्येभाऊ शिकला टोचायला, सगळं सुरळीत चाललेलं.

आता भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दीडशहाण्याने टाकलं की रक्त पातळ करायच्या औषधांनी कॅन्सरची गाठ वाढते आणि पसरते, "उंदरांवर सिद्ध झालंय". त्यावर दुसऱ्याने दहा मिनिटांत बरोब्बर उलटं टाकलं, की ह्याच औषधांनी गाठ विरघळते, तेही उंदरांवरच सिद्ध झालंय म्हणे. आत्याने दोन्ही वाचलं आणि त्यातलं पहिलंच धरून बसली. काल रात्रीपासून इंजेक्शन नको म्हणतेय. आत्येभाऊ मला फोन करून विचारतोय कारण घरात बीएस्सी झालेला मी एकटा, आणि मी बीएस्सी झालोय फिजिक्समध्ये. कुणी नीट सांगेल का खरं काय ते?

जुळेसोलापूरकर

उंदरांचं नंतर बघू, आधी तिचं इंजेक्शन बंद पडू देऊ नका. पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर माणूस तासाभरात जाऊ शकतो. आणि आज सकाळीच डॉक्टरांना फोन लावा, धाग्यावर उत्तर यायची वाट बघू नका.

फार्मसीवाली

जुळेसोलापूरकर +१.

नवी पेठेत माझं काउंटर आहे. "रक्त पातळ करायची गोळी द्या" म्हणून रोज लोक येतात आणि चिठ्ठी बघितली की प्रत्येकाची गोळी वेगळी असते. कुणाची इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, ती प्लेटलेट (रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या बारीक कणिका) एकमेकींना चिकटू देत नाही. कुणाचं क्लोपिडोग्रेल, त्याचंही काम प्लेटलेटवरच पण दुसऱ्या ठिकाणी. व्हॉल्व्ह बदललेल्यांची ॲसिट्रॉम, ती व्हिटॅमिन के अडवते म्हणून लिव्हरमध्ये गुठळीचे घटक धड तयारच होत नाहीत, वॉर्फरिन तिचाच भाऊ. मग नवीन महागातल्या रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, डॅबिगाट्रान, ह्या थेट एकेका घटकाला धरतात. आणि पोटातलं इंजेक्शन म्हणजे हेपरिनच्या जातीचं, बहुतेक एनोक्सापॅरिन.

आता "रक्त पातळ करायच्या औषधाने गाठ वाढते का" ह्या प्रश्नात ह्यातलं कुठलं औषध? व्हॉट्सॲपवाल्याला विचारा एकदा, गप्प बसेल.

चिपळ्याचिवडा

वॉर्फरिन म्हणजे ते उंदराचं औषधच ना मूळचं? म्हणजे उंदराला उंदराचंच विष पाजून उंदराचाच कॅन्सर बघितला, आणि घाबरलालेत आपली माणसं :)

उंदीरमामा

चिपळ्याचिवडा, हसा, पण खरंच तसं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला गुरं सडका गोड क्लोव्हर चारा खाऊन रक्तस्रावाने मरत होती, त्यातून कार्ल लिंक ह्यांच्या प्रयोगशाळेत ते द्रव्य सापडलं, वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं.

आयडी बघून कळलंच असेल, मी पुण्यात बरीच वर्षं प्राण्यांच्या प्रयोगशाळेत काढली, आता सोलापूरला घरी असतो. गाठीच्या प्रयोगांत हात घातलाय म्हणून लिहितो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

उंदरात "कॅन्सर" दोन तऱ्हांनी बघतात आणि सगळा घोळ इथे आहे. पहिली तऱ्हा, कॅन्सरच्या पेशी कातडीखाली किंवा स्तनाच्या चरबीत टोचायच्या, तिथे गाठ धरते, ती दर दोनतीन दिवसांनी व्हर्नियर कॅलिपरने मोजायची, लांबी रुंदी. ही झाली गाठीची वाढ. दुसरी तऱ्हा म्हणजे पेशी थेट शेपटीच्या शिरेत सोडायच्या. त्यासाठी उंदराला नळीत घालून शेपूट बाहेर ठेवायचं, दिव्याखाली गरम करायचं म्हणजे शीर फुगते, मग इन्सुलिनच्या सुईइतक्या बारीक सुईने हळूच आत. पेशी रक्तातून पहिल्यांदा फुफ्फुसातच जातात. दोनतीन आठवड्यांनी फुफ्फुस काढायचं आणि ठिपके मोजायचे. बी-१६ नावाच्या मेलानोमाच्या (कातडीचा एक कॅन्सर) पेशी वापरल्या तर गुलाबी फुफ्फुसावर काळे तिळासारखे ठिपके दिसतात, भिंग घेऊन एकेक मोजत बसायचं, मान मोडते. हे झालं पसरणं.

रक्त पातळ करायच्या औषधांचा परिणाम मुख्यतः ह्या दुसऱ्या तऱ्हेत दिसतो, पहिल्यात फार कमी. १९८९ ला ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये मॅककलक आणि जॉर्ज ह्यांचा पेपर आहे, घुशीतल्या स्तनाच्या कॅन्सरवर वॉर्फरिन दिलं, पसरणं कमी झालं, मूळ गाठ होती तशीच वाढत राहिली. मग २००० ला पालुम्बो वगैरेंनी असे उंदीर घेतले ज्यांच्यात फायब्रिनोजेनच (गुठळीचं जाळं, म्हणजे फायब्रिन, ज्यापासून बनतं ते प्रथिन) नाही, म्हणजे धड गुठळी होऊच शकत नाही. त्यांच्यातही तेच. कातडीखालची गाठ नेहमीसारखी वाढली, फुफ्फुसात बस्तान बसवणाऱ्या पेशी मात्र खूप कमी. गंमत अशी की ह्या उंदरांना वर हिरुडिन दिलं (जळवेच्या लाळेत असतं ते, थ्रॉम्बिन म्हणजे गुठळी घडवणारं एन्झाइम अडवतं) तर पसरणं आणखी कमी झालं. म्हणजे फायब्रिनच्या जाळ्याशिवाय थ्रॉम्बिनचे अजून काही उद्योग आहेत.

कारण काय तर, रक्तात सुटलेली कॅन्सरची पेशी एकटी फार तग धरत नाही, प्रतिकारशक्तीतल्या नॅचरल किलर पेशी तिला टिपतात. पण तिच्याभोवती प्लेटलेट चिकटल्या, फायब्रिन बसलं की ती पांघरुणात लपल्यासारखी सुटते. १९६८ ला गासिक ह्यांनी उंदरांच्या प्लेटलेट कमी करून दाखवलं होतं की मग पसरणं घटतं, हा विषय आजकालचा नाही. हेपरिन गुठळी तर अडवतंच पण पी-सिलेक्टिन नावाचा प्लेटलेटवरचा हुकही झाकतं, ज्याने प्लेटलेट त्या पेशीला धरतात. २००१ ला बोर्सिग आणि वार्की ह्यांच्या गटाने ते दाखवलं. पुढे तर गुठळी अडवायची ताकद काढून टाकलेलं हेपरिन दिलं तरी उंदरात पसरणं कमी झालं, म्हणजे रक्त पातळ होण्याशी त्याचा संबंधच उरला नाही.

म्हणून आत्याबाईंना सांगा, "औषधाने पसरतो" ह्याच्या नेमकं उलट्या बाजूला उंदरांचे प्रयोग झुकतात. पण विरघळते म्हणणाराही थापाच मारतोय.

सातरस्ता (धागाकर्ता)

मामा साष्टांग. हे सगळं आत्येभावाला वाचून दाखवलं. आज सकाळचं इंजेक्शन घेतलंय तिने, कुरकुरत का होईना.

पण मग एक प्रश्न, गाठ वाढते असं कुणी म्हणालंच कसं? काहीतरी असेल ना?

उंदीरमामा

असं सरळ सिद्ध करणारा पेपर मला माहीत नाही. पण गैरसमज कुठून होत असेल ते सांगतो, हा माझा अंदाज समजा. २००८ ला एक प्रयोग आला, उंदरांतल्या प्लेटलेट अगदी काढून टाकल्या तर गाठीच्या आत रक्तस्राव झाला, कारण गाठीतल्या नवीन रक्तवाहिन्या मुळातच गळक्या असतात आणि प्लेटलेट त्यांना बांध घालून असतात. आता गाठीत रक्त साठलं की कॅलिपरमध्ये ती मोठी भरणारच. ती कॅन्सरची वाढ नव्हे, आत रक्त भरलंय. असं अर्धवट वाचून कुणी ठोकून दिलं असेल.

दुसरं म्हणजे एकाच औषधाचे निकाल दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे येतात. डॅबिगाट्रान घ्या. २०१० ला उंदराच्याच स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, ४टी१, घेऊन केलेल्या प्रयोगात गाठही कमी वाढली आणि पसरणंही घटलं. २०१९ ला दुसऱ्या गटाने माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरात टोचून डॅबिगाट्रान आणि रिव्हारोक्साबान दोन्ही दिली, कशातच फरक नाही. आता माणसाच्या पेशी उंदरात टिकवायच्या तर उंदराची प्रतिकारशक्ती आधी मोडलेली असावी लागते, आणि ह्या औषधांचा जो काही उपयोग आहे तो बराचसा प्रतिकारशक्तीमार्फतच असेल तर अशा उंदरात तो दिसणार कुठून? त्याच २०१९ ला जर्मनीतल्या एका गटाने धड प्रतिकारशक्ती असलेल्या उंदरात दाखवलं की गाठीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी स्वतःच फॅक्टर दहा (गुठळीचा एक घटक, रिव्हारोक्साबान ह्यालाच अडवतं) बनवतात, त्याने प्रतिकार दबतो, आणि रिव्हारोक्साबान दिलं की प्रतिकार सुटतो. मला वैयक्तिकरीत्या हा प्रयोग सगळ्यात आवडला. पण एक उंदीर म्हणजे सगळे उंदीर नाहीत, आणि सगळे उंदीर म्हणजे माणूस नाही.

हुरडापार्टी

मामा तुम्ही फारच सावध बोलताय. माणसांतही पुरावा आहे की! नॉर्वेत साडेबारा लाख लोकांच्या नोंदी बघितल्या, २०१७ ला छापून आलं, वॉर्फरिन घेणाऱ्यांत कॅन्सर १६ टक्क्यांनी कमी. आणि त्याआधी २०१५ ला स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या उंदरांवर रक्त पातळही होणार नाही इतकं थोडं वॉर्फरिन देऊन पसरणं कमी केलंय, कॅन्सरच्या पेशीवरचा ॲक्सल नावाचा रिसेप्टर बंद पडतो त्याने. दोन्ही जुळतात. मग देत का नाहीत सगळ्यांना? स्वस्त गोळी आहे म्हणून कंपन्यांना रस नाही, दुसरं काय.

ओपीडीनंतर

हुरडापार्टी, ॲक्सलचं बरोबर लिहिलंत. ॲक्सलला चालू करणारं गॅस-६ हे प्रथिन व्हिटॅमिन के शिवाय पुरतं तयार होत नाही, म्हणून वॉर्फरिन तिथे बोट घालतं. हेपरिन, रिव्हारोक्साबान ह्यांच्यात ते होत नाही. म्हणजे परत कुठलं औषध हाच मुद्दा.

पण नॉर्वेचं जपून. गोळी घेणारा माणूस आणि न घेणारा माणूस सारखा नसतो. वॉर्फरिनवाला महिन्याला रक्त तपासतो, डॉक्टरकडे जातो, कदाचित सिगारेट सोडलेली असते. नोंदीवरून कारण ठरत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून बघावं लागतं, आणि ते केलंय. कंपनीला रस नव्हता म्हणून झालं नाही असं नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत लष्करातून निवृत्त झालेल्यांच्या दवाखान्यांमध्ये फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये वॉर्फरिन देऊन पेशंट जास्त जगले असं दिसलं, त्याने खूप आशा लागली. हेपरिनच्या जातीच्या इंजेक्शनांवर २००४-०५ ला दोन लहान अभ्यास आले, तेही आशादायक. मग ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास लागला, फ्रॅगमॅटिक, फुफ्फुसाच्या कॅन्सरचे २२०२ पेशंट, निम्म्यांना डाल्टेपॅरिन (हेपरिनच्याच जातीचं इंजेक्शन) रोज, २४ आठवडे. २०१६ ला निकाल. गुठळ्या कमी झाल्या, रक्तस्राव वाढले, आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. उंदरातली सगळी गोष्ट माणसात येऊन तिथे थांबली.

का थांबली ह्याचं उत्तर उंदीरमामांच्या शेपटीच्या सुईतच आहे. उंदराला औषध पेशी सोडायच्या आधी किंवा त्याच वेळी देतात. आमच्याकडे पेशंट येतो तेव्हा पेशी केव्हाच जाऊन बसलेल्या असतात.

हुरडापार्टी

बरं मान्य, पण तुमचं हे "मोठा अभ्यास झाला, संपलं" मला पटत नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर, तोही बऱ्याच जणांचा पुढच्या टप्प्यावर गेलेला. ऑपरेशनच्या आधीपासून दिलं असतं तर? तेव्हाच पेशी रक्तात सुटतात ना हात लागला की.

ओपीडीनंतर

हा प्रश्न रास्त आहे, आणि तुमच्याशी इथे मी भांडणार नाही. ॲस्पिरिनवर त्याच धर्तीचं काम चाललंय. ॲड-ॲस्पिरिन नावाचा अभ्यास आहे, ऑपरेशन वगैरे होऊन गाठ काढलेल्यांना रोज ॲस्पिरिन किंवा खोटी गोळी, ब्रिटन, आयर्लंड आणि भारत, आपल्याकडे टाटा मेमोरियलमार्फत. आणि मार्च २०२५ ला केंब्रिजच्या गटाने नेचरमध्ये उंदरांवरच दाखवलं की प्लेटलेटमधून निघणारं थ्रॉम्बॉक्सेन नावाचं द्रव्य प्रतिकारशक्तीतल्या टी पेशींना दाबून ठेवतं, ॲस्पिरिनने ते बंद झालं की टी पेशी पसरलेल्या बारीक गाठींवर तुटून पडतात.

पण हे वाचून उद्या कुणी मनानेच इकोस्प्रिन सुरू करायला जाऊ नका. २०१८ ला ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या १९ हजारांवर धडधाकट म्हाताऱ्यांना ॲस्पिरिन देऊन बघितलं, ॲस्प्री म्हणतात त्याला, त्यात कॅन्सरने मरणारे ॲस्पिरिनवाल्यांत जास्त निघाले. का ते अजून वाद चालू आहे. उंदीर म्हणतात एक, सत्तरीतली माणसं म्हणतात दुसरंच.

फार्मसीवाली

ह्यावर आमच्याकडचं सांगते. ॲस्पिरिनने कॅन्सर होत नाही असा मेसेज फिरला तेव्हा चार दिवस काउंटरवर नुसतं ॲस्पिरिन. एक आजोबा आधीच ॲसिट्रॉमवर, वर इकोस्प्रिन मागत होते, "कॅन्सर होत नाही म्हणतात". दिली नाही. ते रागावून समोरच्या दुकानात गेले.

सिद्धेश्वरपेठ

जरा वेगळा प्रश्न. आमच्या घरात कांदालसूणसुद्धा निवडून खातात. आईला हे पोटातलं इंजेक्शन दिलं होतं ऑपरेशननंतर आणि नंतर कुणीतरी म्हणालं ते डुकराच्या आतड्यातून काढतात. खरं का?

फार्मसीवाली

खरं. हेपरिन १९१६ ला कुत्र्याच्या लिव्हरमधून सापडलं होतं, आता डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात आणि एनोक्सापॅरिन त्याचंच तोडून बनवतात. फोंडापॅरिनक्स म्हणून एक आहे ते पूर्ण कारखान्यात बनतं, प्राण्याचं काही नाही, पण ते प्रत्येकाला चालतं असं नाही, किडनी बघावी लागते. आधी सांगितलं तर डॉक्टर विचार करतात, बरेच लोक विचारतच नाहीत.

अशोकचौक

मामा, ओपीडीनंतर, तुमचं वाचलालो रात्रभर. आमच्या काकांची गोष्ट सांगतो. लूम बंद पडल्यापासून घरीच होते, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. दोन महिन्यांत शौचातून रक्त. सगळे म्हणालेत गोळीचं आहे, गोळी बंद करा, मूळव्याध असेल. एका ठिकाणी दाखवलं तर तिथेही गोळी बदलून दिली आणि घरी पाठवलं. काकू ऐकल्या नाहीत, तिसऱ्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली तर आतड्यात गाठ. आता सगळी गल्ली म्हणलाली की गोळीने गाठ झाली. दोन महिन्यांत गाठ होते का एवढी?

ओपीडीनंतर

नाही होत. आतड्याची गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढत असते, दुर्बिणीला दिसावी इतकी दोन महिन्यांत होत नाही. गाठ आधीच होती, तिच्या अंगावरून थोडं थोडं रक्त झिरपत असेल तेही कुणाला दिसत नव्हतं, गोळीने ते दिसायला लागलं. कॉम्पास नावाच्या मोठ्या अभ्यासात हेच ठळक दिसलं, गोळी चालू असताना पोटातून रक्त गेलं त्यांच्यात पोटाआतड्याचा कॅन्सर सापडायचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पट. गोळी घेणाऱ्यांत "कॅन्सर वाढला" असं जे कधीकधी आकड्यांत दिसतं त्यातलं बरंचसं हे असतं, लवकर सापडणं.

म्हणून गोळीवर असताना लघवीत किंवा शौचात रक्त दिसलं तर गोळीवर ढकलून मोकळं व्हायचं नाही, तपासायचं. काकूंनी हट्ट केला ते फार बरं केलं.

उंदीरमामा

आणि क्लोपिडोग्रेलचंही असंच झालं होतं. एका अभ्यासात ते जास्त दिवस घेणाऱ्यांत कॅन्सरने मृत्यू जास्त दिसले, आरडाओरडा झाला, मग अमेरिकेच्या औषध खात्याने सगळे अभ्यास एकत्र करून २०१५ ला सांगितलं की कॅन्सरचा धोका वाढल्याचं दिसत नाही. ते बातमीत आलं नाही. पहिली बातमी अजून फिरतेय.

चिपळ्याचिवडा

म्हणजे मामा तुमच्या हातून गेलेले सगळे उंदीर वाया?

उंदीरमामा

कसे वाया. प्लेटलेट, थ्रॉम्बिन, पी-सिलेक्टिन हे सगळं त्यांच्याकडूनच कळलं. उंदीर सांगतो कुठे बघायचं. किती द्यायचं, कुणाला द्यायचं, कधी द्यायचं हे त्याला विचारलं की फसतो. मला राग येतो तो पेपरच्या शेवटी "माणसांसाठी आशा" असं एक वाक्य चिकटवतात त्याचा. मी स्वतः बॉसला ते काढायला सांगायचो, ते राहायचंच.

सातरस्ता (धागाकर्ता)

अपडेट. आज बार्शीला गेलो होतो आत्याबरोबर. डॉक्टरांना थेट विचारलं. ते म्हणाले कॅन्सर असलेल्या माणसाला मुळातच गुठळ्या जास्त होतात, फ्रान्सच्या ट्रूसो नावाच्या डॉक्टरांनी १८६५ मध्येच हे सांगून ठेवलंय, आणि पुढे त्यांना स्वतःलाच गुठळी झाली तेव्हा स्वतःचा पोटाचा कॅन्सर ओळखला. इंजेक्शन गुठळीसाठी आहे, गाठीसाठी नाही, गाठीसाठी केमो आहे, दोन्हीची गल्लत करू नका. किडनीचं क्रिएटिनिन आणि प्लेटलेट बघितले, दोन्ही ठीक. पुढे इंजेक्शनऐवजी अपिक्साबानची गोळी देता येईल का तेही बघणार आहेत, स्तनाच्या कॅन्सरमध्ये चालते म्हणाले, पोटाआतड्याचा असता तर रक्तस्रावाची भीती जास्त म्हणून विचार करावा लागला असता.

आत्या आता बरी आहे, पायाची सूज उतरलीय. भावकीच्या ग्रुपवर मी हा धागा टाकला, दीडशहाण्याने अंगठा दाखवला आणि त्याखालीच गोमूत्राचा मेसेज.

एक शेवटचं, आत्या विचारतेय की मेथी-शेपू-पालक बंद करायचं का, कुणीतरी सांगितलंय तिला.

फार्मसीवाली

इंजेक्शनला आणि अपिक्साबानला पालेभाजीचं पथ्य नाही. ते पथ्य ॲसिट्रॉम-वॉर्फरिनवाल्यांचं, आणि त्यांनीही बंद नाही करायचं, रोज साधारण सारखंच खायचं म्हणजे आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) वरखाली होत नाही. केमो चालू आहे तर भाजी नीट धुवून शिजवून, कच्ची नको. मेथीची गरगट्टी भाकरीबरोबर खुशाल खा म्हणावं. पोटावर काळेनिळे डाग पडत असतील तर रोज जागा बदला, उजवीकडे डावीकडे, आणि टोचल्यावर चोळू नका.